ट्रेकसाठी पॉवरबँक: किती, कोणती आणि कशी सांभाळायची

ट्रेकसाठी पॉवरबँक घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "दहा हजार की वीस हजार?" त्याचं उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी ठरवा. शेवटचा प्लग मागे पडल्यापासून पुढचा मिळेपर्यंत किती दिवस जाणार, आणि तेवढ्या दिवसांत तुमची सगळी उपकरणं मिळून किती वीज खाणार. राजगड-तोरणा करून दुसऱ्या रात्री घरी पोचणाऱ्याची गरज वेगळी, काश्मीर ग्रेट लेक्ससाठी सोनमर्गहून निघून सात दिवसांनी नारानागला उतरणाऱ्याची वेगळी, आणि डिसेंबरात केदारकंठाच्या बर्फात तंबूत झोपणाऱ्याची आणखी वेगळी.

एमएएच आणि वॉट-अवर

पॉवरबँकेवर ठळक छापलेला एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर) आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेलचा दाब असतो साधारण ३.७ व्होल्ट. पोर्टमधून वीज बाहेर येते ती ५ व्होल्टने किंवा त्याहून जास्त दाबाने. हा दाब वाढवताना काही वीज उष्णता होऊन जाते. म्हणूनच १०,००० एमएएचच्या चांगल्या पॉवरबँकेवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० ते ६,५०० एमएएच असा आकडा सापडतो. हा दुसरा आकडा खरा कामाचा. जिच्यावर तो छापलेलाच नाही, ती पॉवरबँक परत ठेवा.

वेगवेगळ्या दाबाच्या बॅटऱ्यांची तुलना एमएएचमध्ये होत नाही, वॉट-अवरमध्ये, म्हणजे आत साठलेल्या एकूण विजेच्या मापात होते. एमएएचला व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४. आजचा नेहमीचा ५,००० एमएएचचा फोन ३.८५ व्होल्टच्या हिशोबाने १९ वॉट-अवरचा. चार्जिंगवर चालणारा हेडटॉर्च ४ ते ५, जीपीएसचं घड्याळ जेमतेम सव्वा, अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची एक बॅटरी साडेसहाच्या आसपास, आणि मोठ्या मिररलेस कॅमेऱ्याची एक बॅटरी १६.

पॉवरबँकेतून निघालेली सगळी वीज फोनच्या बॅटरीत पोचत नाही. थोडी पॉवरबँकेत जाते, थोडी केबलमध्ये, थोडी फोन तापण्यात. छापील वॉट-अवरचे तीन चतुर्थांश हाती लागतील असं धरा. ३७ मधून २८ मिळतात, म्हणजे १०,००० ची पॉवरबँक असा फोन दीड वेळाही पूर्ण भरत नाही. "दोनदा चार्ज होईल" असं धरून निघालेल्यांचा फोन शेवटच्या दिवशी बंद पडतो तो इथेच.

आधी खर्च कमी करा

पॉवरबँक वाढवण्याआधी फोनचा खर्च आटोक्यात आणा, कारण वाचवलेल्या विजेचं वजन पाठीवर येत नाही. डोंगरात फोन सर्वात जास्त बॅटरी खातो तो टॉवर शोधण्यात. घळीत किंवा दाट रानात सिग्नल तुटक झाला की फोन पूर्ण ताकदीनं शोध घेत राहतो आणि हातात न घेताही संध्याकाळपर्यंत निम्मा रिकामा होतो. सह्याद्रीत घाटमाथ्याच्या कड्यावर कोकणातले टॉवर पकडतात आणि शंभर पावलं आत आलं की सुटतात, तिथे हा खेळ दिवसभर चालतो. सरळ विमान मोडवर टाका. जीपीएस विमान मोडमध्येही चालतं, कारण फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकत असतो. नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मार्ग दाखवणारी) घरूनच उतरवून घ्या, आणि सुरुवातीच्या गावात नेटवर्क असतानाच एकदा नकाशावर आपला ठिपका नीट दिसू द्या. नाहीतर विमान मोडमध्ये पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागतात.

काश्मीरला जाताना आणखी एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. प्रीपेडवाल्याचा फोन श्रीनगरला उतरल्यापासूनच उगाच टॉवर शोधत बसतो.

आपला फोन किती खातो ते अंदाजाने ठरवू नका. ट्रेकच्या आधीच्या एखाद्या रविवारी जवळच्या टेकडीवर फोन अगदी ट्रेकसारखा वापरा. विमान मोड, पडद्याचा उजेड निम्मा, मार्गाची नोंद चालू, मधूनमधून फोटो. आठ तासांनी किती टक्के गेले ते लिहून ठेवा. असा वापर असेल तर बहुतेक फोन ३० ते ४० टक्क्यांत भागतात. व्हिडिओ काढत राहिलात तर हा आकडा सहज दुप्पट होतो.

सात दिवसांचा हिशोब

काश्मीर ग्रेट लेक्सचंच उदाहरण घेऊ. सोनमर्गनंतर वाटेत वीज नाही. दिवस सात, फोन रोज ३५ टक्के, म्हणजे रोजचे ७ आणि एकूण ४९ वॉट-अवर. फोन पूर्ण भरून निघाला तर १९ हातात असतात, पण शेवटचे २० टक्के अडचणीसाठी राखायचे, म्हणून त्यातले १५ च धरा. उरले ३४. हेडटॉर्च एकदा भरायचा, ४.५. घड्याळ तीनदा, साडेतीन. बेरीज ४२. थंडी, आजारी सोबत्याचा फोन, एखादा दिवस पावसात अडकणं यासाठी आणखी पाचवा हिस्सा धरला की ५०. याला ०.७५ ने भागा: ६७ वॉट-अवर. म्हणजे ७४ वॉट-अवरची पॉवरबँक पुरते आणि थोडी उरते.

आता याच हिशोबात अ‍ॅक्शन कॅमेरा आला आणि सहा दिवस रोज एक बॅटरी संपली, तर थेट ४० वॉट-अवर वाढतात. इथे आणखी मोठी पॉवरबँक घेण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या तीन बॅटऱ्या घरून भरून नेणं चांगलं. त्यांतली वीज कॅमेरा थेट वापरतो, वाटेत गळती नाही. उरलेल्या २० वॉट-अवरसाठी १०,००० ची आणखी एक पॉवरबँक. मिररलेस कॅमेऱ्याचंही तसंच. जादा बॅटऱ्या आधी, पॉवरबँकेवरून भरणं नंतर.

कोणती घ्यायची

आमची शिफारस स्पष्ट आहे: २०,००० ची एक घेण्यापेक्षा १०,००० च्या दोन घ्या. वजनात फार फरक पडत नाही (१०,००० ची साधारण २०० ग्रॅम, २०,००० ची ३५० ते ४५० ग्रॅम), पण एक बिघडली, भिजली किंवा दरीत गेली तरी दुसरी हाताशी राहते. एक तंबूत फोनला लावून दुसरी सोबत्याला देता येते. थंडीत एक अंगाशी ठेवायलाही छोटीच सोयीची.

विकत घेताना मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा. भारतात पॉवरबँकेला ही नोंदणी सक्तीची आहे, आणि क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नाव जुळत नसेल तर माल खोटा. दुसरी परीक्षा वजनाची. आजच्या सेलमध्ये ७४ वॉट-अवर भरायला नुसत्या सेलचंच वजन ३०० ग्रॅमच्या आसपास जातं. २०,००० लिहिलेली पॉवरबँक त्याहून हलकी लागली तर आतले सेल तेवढे नाहीत. रस्त्यावर पाचशे रुपयांत मिळणारी '५०,०००' ची तर बघूही नका. आकडा खरा असेल तर ती १८५ वॉट-अवरची होते आणि विमानात नेता येत नाही, खोटा असेल तर पैसे गेले.

पोर्ट टाइप-सी हवा, आणि तो आत-बाहेर दोन्हीकडे चालणारा. 'पीडी' म्हणजे पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरची जलद चार्जिंगची पद्धत; ती १८ ते ३० वॉटची असली की झालं. याचा खरा फायदा फोन लवकर भरण्यात नाही, पॉवरबँक लवकर भरण्यात आहे. जुन्या मायक्रो-यूएसबीवर १० वॉटने २०,००० ची पॉवरबँक भरायला नऊ-दहा तास लागतात, पीडीवर पाच-सहा. होमस्टेमध्ये वीज संध्याकाळी तीनच तास असते तेव्हा हा फरक कळतो. काही कंपन्यांच्या फोनचं ६५ किंवा ८० वॉटचं चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर चालतं. दुसऱ्याच्या पॉवरबँकेवर ते फोन १० ते १८ वॉटवर येतात, हा पॉवरबँकेचा दोष नाही. ट्रेकवर घाई नसते, चालतं.

घड्याळ किंवा इअरबड लावले की पॉवरबँक मिनिटभरात बंद पडते, ही तक्रार नेहमीची. ही उपकरणं इतकी कमी वीज ओढतात की पॉवरबँकेला वाटतं काही लावलेलंच नाही. यासाठी 'लो करंट मोड' असतो, बहुतेक वेळा बटण दोनदा दाबून चालू होतो. तो आहे का ते घेतानाच तपासा. मोड नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावून सोबत घड्याळ भरा.

वायरलेस चार्जिंगची पॉवरबँक ट्रेकला नको. चुंबकाने चिकटली तरी तारेपेक्षा बरीच जास्त वीज उष्णतेत घालवते. पाठीवर लहानसं सौर पॅनेल बसवलेली पॉवरबँकही नको. तेवढ्या पॅनेलमधून कडक उन्हात एक-सव्वा वॉट मिळतो. ७४ वॉट-अवर भरायला साठ तासांहून जास्त ऊन लागेल, आणि तोवर आतले सेल उन्हात तापून खराब होतील.

केबल मात्र जपून निवडा, कारण डोंगरात 'पॉवरबँक बिघडली' म्हणतात त्यातल्या बऱ्याच वेळा केबल गेलेली असते. लांबी २० ते ३० सेंटिमीटर पुरे. लांब, बारीक तारेत दाब पडतो आणि चार्जिंग संथ होतं. केबल तुटते ती प्लगच्या मानेशी, सॅकच्या खिशात मुडपून. गटात एकाच प्रकारच्या दोन केबल असू द्या.

सौर पॅनेल कधी

घडीचं २० वॉटचं पॅनेल नेमकं दुपारच्या उन्हाकडे तोंड करून मांडलं तर १० ते १२ वॉट देतं. सॅकवर बांधून चालताना झाडांच्या सावलीत आणि सतत बदलत्या कोनात ते तीन-चारवर येतं. तळावर दोन-तीनला पोचलात आणि कडेच्या डोंगरामागे सूर्य पाचला गेला, तर दिवसाला २० ते २५ वॉट-अवर, तेही निरभ्र आकाशात. पॅनेलचं वजन ४५० ते ६०० ग्रॅम. तेवढ्याच वजनात १०,००० च्या दोन पॉवरबँका आल्या असत्या, आणि त्या ढगातही चालतात.

म्हणून सात-आठ दिवसांपर्यंत पॅनेलचा विचार करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये काश्मीरला दुपारनंतर ढग येतात, सह्याद्रीत पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही. पॅनेल खरं कामी येतं ते लडाख-झंस्कारसारख्या पर्जन्यछायेत, दहा दिवसांहून लांब वाटेवर, मध्ये विश्रांतीचा दिवस असेल तेव्हा, आणि गटात एकच सामाईक.

वापरायचं ते असं: पॅनेलवरून पॉवरबँक भरायची, पॉवरबँकेवरून रात्री फोन. फोन थेट पॅनेलला लावला की ढग सरकताना चार्जिंग तुटतं, काही फोन परत जोडलेच जात नाहीत, आणि उन्हात फोन तापून स्वतःच चार्जिंग थांबवतो. पॅनेल सूर्याशी काटकोनात टेकवा, अर्ध्या तासाने दिशा बदला. पट्टी किंवा दोरीची सावली एका सेलवर पडली तरी त्या ओळीची सगळी वीज घसरते, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. पॉवरबँक पॅनेलच्या मागच्या सावलीत ठेवा, वर नाही.

थंडीत काय बिघडतं

उणे तापमानात फोन ३० टक्क्यांवर अचानक बंद पडतो. वीज संपलेली नसते. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, कॅमेरा चालू करताच दाब कोसळतो आणि फोन स्वतःला बंद करतो. अंगाशी धरून गरम केला की बहुतेक टक्के परत दिसतात. उणे २० अंशांना लिथियम बॅटरी तिच्या क्षमतेच्या साधारण ६० टक्केच देते.

यापेक्षा गंभीर गोष्ट चार्जिंगची. शून्याखाली थंड झालेली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली तर लिथियम धातू होऊन इलेक्ट्रोडवर साचतो. हे नुकसान कायमचं असतं, आणि आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. थंड पॉवरबँकेतून वीज काढणं चालतं, थोडी कमी मिळते इतकंच. जे उपकरण भरायचंय ते मात्र आधी उबदार हवं.

दिनक्रम असा ठेवा. दिवसा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, सॅकच्या वरच्या कप्प्यात नाही. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत सहा ते नऊ, जागे असताना, फोन आणि पॉवरबँक आतल्या खिशात ठेवून चार्ज करा. झोपताना केबल काढा. चार्जिंग चालू ठेवून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊ नका, तिथे उष्णता निघायला वाट नसते. पॉवरबँका, फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि हेडटॉर्च मोज्यात गुंडाळून पोटाशी घ्या. पायाकडे ठेवलेल्या पहाटे गार सापडतात. गार कॅमेरा उबदार खोलीत नेण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर बसतं, लेन्सवर नाही.

हेडटॉर्च साध्या सेलवर चालणारा असेल तर बर्फात अल्कलाइन सेल मंद पडतात. एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेल महाग आहेत, पण हलके असतात आणि कडाक्याच्या थंडीत टिकतात. हिवाळी ट्रेकला एक जादा संच तोच घ्या.

सह्याद्रीत

एका मुक्कामाला १०,००० ची एक भरपूर. इथला शत्रू पाणी. पॉवरबँक आणि केबल झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि तोंड खाली दुमडून सॅकच्या मध्यभागी. चार्जिंग पोर्ट ओला असताना केबल लावू नका. ओल्या संपर्कांत वीज गेली की ते गंजतात, हिरवट-काळे पडतात आणि पोर्ट बदलावा लागतो. फोन उभा धरून पोर्ट खाली करून झटका आणि वाऱ्यावर राहू द्या. तांदळात ठेवलं तर पिठाची भुकटी पोर्टमध्ये जाते. एप्रिल-मेमध्ये उलटं: गाडीच्या काचेजवळ किंवा सॅकच्या बाहेरच्या खिशात उन्हात पॉवरबँक ठेवू नका.

तीन-चार दिवसांच्या वाटेवर पाचनई किंवा गुंजवण्यासारख्या गावांत जेवायला थांबाल तिथे प्लग मिळतो. घरमालकाला विचारून लावा आणि जेवणाच्या बिलात विजेचे पैसेही द्या. दोन पोर्टचा ३० ते ४५ वॉटचा चार्जर असला की एका प्लगवर पॉवरबँक आणि फोन दोन्ही भरतात.

तिथवर पोचताना

विमानात पॉवरबँक केबिनच्या बॅगेतच न्यायची, चेक-इन सामानात अजिबात नाही. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांनाही तोच नियम, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, त्यापुढे बंदी. आकडा पुसला गेलेली पॉवरबँक सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. उड्डाणात ती वापरायला अनेक कंपन्या मनाई करतात.

रेल्वेच्या डब्यातल्या प्लगला ११० व्होल्ट असतात. चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर चालतो. अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ हे प्लग बंद ठेवतात, म्हणून दिवसाच भरून घ्या. डेहराडूनहून केदारकंठाच्या पायथ्याच्या सांकरीला जीपने पूर्ण दिवस जातो. गाडीच्या सॉकेटला लागणारा छोटा चार्जर जवळ असला तर तो दिवस फुकट जात नाही. सांकरीला बर्फ पडला की वीज जाते, तिथल्या प्लगच्या भरवशावर रिकामी पॉवरबँक घेऊन जाऊ नका.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाला लॉज असतं, तेव्हा पॉवरबँक लहान चालते, पण चार्जिंगचे पैसे घेतात आणि उंचीबरोबर दर वाढतो. नामचेला (३,४४० मीटर) सगळं भरून घ्या. लोबुचे आणि गोरक्षेपला (५,१६४ मीटर) लॉज बहुतेक सौर विजेवर चालतात, ढगाळ दिवशी चार्जिंग मिळेलच असं नाही. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, आपल्याकडचे प्लग बहुतेक ठिकाणी बसतात.

एक गोष्ट भारतात नेऊच नका: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि परदेशी प्रवाशांना यासाठी विमानतळावर पकडलं गेलं आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी ट्रेकर्सनी तिकडे रोज वापरात असलेलं असं उपकरण सॅकमध्ये तसंच राहिलेलं नाही ना, हे निघण्याआधी तपासावं.

फुगलेली पॉवरबँक

जुनी पॉवरबँक सपाट टेबलावर ठेवा. डगमगत असेल किंवा कडेची फट रुंदावली असेल तर सेल फुगलाय. ती वापरायची नाही, दाबायची नाही, भोक पाडायचं नाही. ट्रेकवर पडून चेपली, तापू लागली किंवा गोडसर वास आला तर तंबूबाहेर, दगडावर, सामानापासून लांब ठेवा. पेट घेतलाच तर लांबून भरपूर पाणी ओता, पाण्यानेच सेल थंड होतात. थंड झाल्यावर एकटी डब्यात घालून खाली आणा आणि शहरात ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. वर पुरून ठेवलेला सेल पावसात फुटतो आणि त्यातलं सगळं खालच्या झऱ्यात जातं.